आता सवासन

खोबरेल तेल थिजलं की आमच्या घरात थंडी आली असं धरायचे. लालबागमध्ये थंडीची दुसरी खात्रीची खूण नाही. झाडं मोजकी, त्यांची पानं बाराही महिने सारखीच धुळकट. सकाळी समोरचं काही दिसेनासं झालं तर ते धुकं की कुठल्याशा बांधकामाची धूळ, हे सांगता येत नाही. पण एखाद्या सकाळी बाटली उपडी केली तरी तळहातावर काहीच पडत नाही. मग आई ती बाटली गॅलरीच्या कठड्यावर उन्हात नेऊन ठेवायची. परवा माझ्याही हातावर तेल पडलं नाही. आता घराला गॅलरी नाही. चाळ पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्ही सतराव्या मजल्यावर राहतो. 'आम्ही' असं लिहून गेले, ते खोडत नाही. आई भाद्रपदात गेली.

इमारतीच्या हॉलमध्ये सकाळी योगवर्ग भरतो. भिंतीवर योगाच्या फायद्यांचा मोठा छापील तक्ता आहे. रक्तदाब आटोक्यात राहतो, पचन सुधारतं, सांधे मोकळे होतात, शांत झोप लागते, मन एकाग्र होतं. मी माटुंग्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. छापलेलं काहीही दिसलं की आधी त्यातल्या चुका दिसतात. या तक्त्यात ऱ्हस्वदीर्घाच्या तीन आहेत. बाकी मजकुरात खोटं काही नाही. आईच्या बाबतीत त्यातलं जवळजवळ सगळं थोडंथोडं खरं झालं. पंचाहत्तराव्या वर्षीही ती जमिनीवर मांडी घालून बसायची आणि हात न टेकता उठायची. सकाळचं तिचं पोट हा आमच्या घरातला एकेकाळचा मोठा चिंतेचा विषय होता. तो बोलण्यातून कधी निघून गेला ते कळलंही नाही. गोळी मात्र शेवटपर्यंत चालू होती आणि ती सोडायचा हट्ट तिने कधी केला नाही.

मी मार्गशीर्षात या वर्गाला जायला लागले. दुःख मनात असतं असं आपण म्हणतो, पण माझं बरंचसं डाव्या खांद्यात होतं. मान वळेना. सकाळी उठले की दात दुखायचे. डॉक्टर म्हणाले, रात्रभर दातांवर दात आवळून झोपता तुम्ही. श्वास गळ्याच्या खाली उतरतच नसे. कॉलेजच्या जिन्यावर मध्येच थांबून मी उगाच पर्समध्ये काहीतरी शोधायचे. वर्गात पहिल्यांदा हात वर नेऊन एका कुशीकडे वाकले तेव्हा फासळ्यांमध्ये कुठेतरी जागा झाल्यासारखं वाटलं. दुःख कमी झालं असं म्हणवत नाही. त्याला बसायला थोडी ऐसपैस जागा मिळाली, एवढंच.

वर्गाच्या शेवटी शिकवणारी मुलगी दिवे मंद करते आणि म्हणते, आता शवासन. तिचा 'श' स्वच्छ आहे. तो ऐकला की मला नऊ वर्षांपूर्वीचा हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्यात हा शब्द आमच्या घरात वेगळाच ऐकला गेला होता.

त्या वर्षी दसरा झाल्यावर आठवड्याभरात बाबा गेले. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी परळच्या एका छापखान्यात वीस वर्षं काढली होती. रक्तदाब होता, आणि तो असल्याचं त्यांना मान्य नव्हतं. एका दुपारी जेवताना हातातला घास ताटात पडला. तो उचलायला त्यांनी हात पुढे करायला बघितला, तो गेलाच नाही. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिसऱ्या दिवशी सगळं संपलं.

दिवस-कार्य आटोपलं, पाहुणे गावी गेले, आणि मग माझ्या लक्षात आलं की आई झोपत नाही. तिने तसं सांगितलं नाही. मला सकाळी पुरावे सापडायचे. तांदूळ निवडून झालेले, कपाटातल्या साड्या पुन्हा घड्या करून लावलेल्या. एकदा तर माझ्या जुन्या स्वेटरची बाही उसवून तिची लोकर गुंडाळून ठेवलेली. झोपली होतीस का, असं विचारलं की ती म्हणायची, पडले होते की.

चिंचपोकळी स्टेशनकडे जाताना आमच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांनी तिच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पुन्हा बांधला. वरचा आकडा एकशे ऐंशीच्या आसपास होता. त्यांनी गोळी लिहून दिली, मीठ कमी करायला सांगितलं. सुकी मासळी आणि खारातल्या मिरच्या हे शब्द त्यांनी उच्चारले तेव्हा आईने तोंड दुसरीकडे फिरवलं. ती चपला घालत असताना त्यांनी मला हळूच सांगितलं की नुसत्या गोळीवर विसंबू नका. ही बाई झोपली नाही तर दाब उतरणार नाही, आणि असाच राहिला तर जे तुमच्या वडिलांचं झालं तेच. झोपेची गोळी त्यांना लगेच द्यायची नव्हती. तुमच्या चाळीत योगाचा वर्ग असतो ना, तिथे घाला, म्हणाले. दमवणारं काही नको, श्वास कोंडून ठेवायचा नाही, पण शेवटी शांत पडून राहायला लावतात ते जरूर करू द्या. तेच यांचं औषध आहे.

वर्ग चाळीच्या तळमजल्यावर, व्यायामशाळेच्या खोलीत भरायचा. एका कोपऱ्यात डंबेल्स आणि मुद्गल, मधल्या मोकळ्या फरशीवर पंधराएक बायका. कुणी गाऊनवर स्वेटर घातलेली, कुणी साडीचा पदर खोचून. प्रत्येकीची चटई स्वतःची. शिकवायच्या शैलाताई. महापालिकेच्या रुग्णालयात नर्स म्हणून त्या निवृत्त झालेल्या, उंच, सडपातळ, आवाज वॉर्डभर जाईल असा. त्यांच्या बोलण्यात श आणि स यांच्यात फरक नव्हता. स्वतःचं नावही त्या सैला असंच सांगत. लालबागमध्ये याचं कुणाला काही वाटत नसे.

आई जायला लागली. सकाळी साडेसातला चटई काखेत घेऊन खाली उतरायची. मी एकदा दारातून डोकावले तेव्हा ती हात वर करून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर बसची वाट बघणाऱ्या माणसाचा भाव होता. पंधरा दिवस गेले, महिना गेला. गुडघा बरा वाटतो म्हणाली. जिना चढताना धाप कमी लागते म्हणाली. सकाळचे निवडलेले तांदूळ मात्र तसेच. डॉक्टरांनी पुन्हा पट्टा बांधला, आकडा जेमतेम दहाने उतरला होता. त्यांनी गोळीचं प्रमाण वाढवलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळत होता.

मार्गशीर्षातले गुरुवार चालू होते. चाळीत घरोघर घट मांडलेले, उंबऱ्यात रांगोळी, संध्याकाळी सवासनींना बोलावणी. आमच्याकडे दर वर्षी असायचं. त्या वर्षी नव्हतं, आणि आईने घटाचा चौरंग माळ्यावर इतका आत सरकवला होता की मला शिडीवर चढूनही दिसला नाही. मी तिला टिकली लाव म्हटलं होतं, हल्ली सगळ्या लावतात. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. संक्रांत आली तेव्हा शेजारणी तिला हळदीकुंकवाला बोलवायला आल्या. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. तिने तिळगूळ घेतला, मुलांना वाटला आणि पाय दुखतो म्हणून घरी राहिली.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मीही वर्गाला गेले. मान दुखत होती हे निमित्त, खरं तर मला बघायचं होतं. पाऊण तास सगळं नीट चाललं. आईची बोटं पावलांपर्यंत पोचत होती. तिला पुढे वाकताना बघून मला जरा लाजच वाटली, कारण माझी पोचत नव्हती. मग शैलाताईंनी टाळी वाजवली आणि म्हणाल्या, "आता सवासन. सगळ्या झोपा."

बायका आडव्या झाल्या. कांबळीकाकू तेवढ्या खुर्चीवर बसून राहिल्या. त्यांचे गुडघे गेलेले असल्यामुळे त्या सगळा वर्ग खुर्चीवरच करत. आणि आई उठली. तिने चटई गुंडाळली, पदर सारखा केला, झोपलेल्यांच्या पायांच्या बाजूने भिंतीला धरून बाहेर गेली. पाठ करून ठेवल्यासारखं.

नंतर मी शैलाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, रोजच जातात. मला वाटलं तुझा डबा करायचा असतो. मी कधी अडवलं नाही.

माझा डबा आई पहाटेच करून ठेवत असे. मी वर आले. ती चहा गाळत होती. शेवटचं का करत नाहीस, असं मी तिला विचारलं. ती गाळत राहिली. पुन्हा विचारलं तेव्हा तिने गाळणी बाजूला ठेवली. चारचौघांत आई साधी मराठी बोलायची. मनातलं बोलताना मालवणी वर यायची.

"माज्या कपाळाकडे बघ," ती म्हणाली. "माका कोण सवासन म्हणतला आता?"

सवासन म्हणजे सवाष्ण, पण तिचा इथे काय संबंध ते मला कळेना. तिने सांगितलं ते असं. पहिल्याच दिवशी शैलाताई म्हणाल्या होत्या, आता सवासनी सगळ्या झोपा. तिने आजूबाजूला बघितलं. नवरा असलेल्या सगळ्या बायका आडव्या झाल्या. एकट्या कांबळीकाकू खुर्चीत बसून राहिल्या, आणि कांबळी गेल्याला दहा वर्षं झाली होती. मग तिला विचारायची गरज वाटली नाही.

"माका वाटला, घोवाच्या आयुष्यासाठी कायतरी असतला," ती म्हणाली. "डोळे मिटून, हात असे उघडे ठेवतत. मागतत तसे." तिने ओट्यावर दोन्ही तळवे उताणे करून दाखवले. "मागूक माज्याकडे काय रवला? म्हणान मी उठान जातंय."

दीड महिना ती रोज सकाळी उठून गेली होती. कुणाला दोष न देता, कुणाला न विचारता, जिथे आपलं काम नाही तिथे थांबू नये अशा रीतीने. आणि बाहेरच्या पायरीवर बसून बाकीच्यांचं आटपायची वाट बघत होती, कारण एकटीच लवकर वर गेली तर मला संशय येईल.

चूक दुरुस्त करणं ही माझी रोजची सवय आहे. शब्द सवासन नाही, शवासन आहे, इतकं सांगायला मला एक क्षण पुरला असता. ते तोंडातून निघालं नाही. कारण मग ती विचारणार, म्हणजे काय. आणि मला सांगावं लागणार की शव म्हणजे प्रेत, आणि डॉक्टरांनी तुला जे औषध सांगितलंय ते म्हणजे प्रेतासारखं जमिनीवर पडणं. तीन महिन्यांपूर्वी आम्ही उभ्या होतो त्याच खोलीत, जमिनीवर बाबांना ठेवलं होतं. तिचा चुकीचा शब्द तिला वर्गाबाहेर काढत होता. माझा बरोबर शब्द तिला कुठे नेईल, याची मला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात मी या आसनाला दुसरं एखादं सौम्य नाव आहे का ते शोधलं. एका जाड ग्रंथात पर्यायी नाव सापडलं, मृतासन. मी ग्रंथ मिटून जागेवर ठेवला.

मग शैलाताईंकडे गेले. सगळं सांगितलं. ऐकताना त्यांनी एकदाच कपाळावर हात मारून घेतला, आपल्या त्या स साठी असावा. मी म्हटलं, तुम्ही नावच बदला. विश्रांती म्हणा.

"विश्रांती म्हटलं तर एकही बाई पडायची नाही," त्या म्हणाल्या. "घरी भांडी तशीच आहेत म्हणून सगळ्या उठतील. आसन म्हणते, म्हणून पडतात गो. काम वाटतं त्यांना."

त्यांचं खरं होतं. माझ्या आईला मी आयुष्यात कधी दिवसा आडवी झालेली बघितली नव्हती. ताप आला तरी ती भिंतीला टेकून बसायची. काही न करता पडून राहण्याची तिला परवानगी कुणी दिली नव्हती आणि तिने ती मागितलीही नव्हती. आता या वयात वाटतं, त्या तक्त्यावरच्या सगळ्या फायद्यांच्या आधी हा एक लिहायला हवा. दहा मिनिटं, कुणाच्याही उपयोगी न पडता, जमिनीवर. रक्तदाब उतरतो तो त्यानंतर. सोडलेला श्वास घेतलेल्या श्वासापेक्षा लांबत जातो, नाडी सावकाश होते, पोटऱ्यांतला ताण निघतो, हे सगळं खरं आहे आणि मी ते आता स्वतःच्या अंगावर अनुभवते आहे. पण त्यासाठी आधी माणसाला पडता आलं पाहिजे.

चार दिवस मी काही बोलले नाही. पाचव्या दिवशी सकाळी कपाटातल्या सगळ्या साड्या पुन्हा पलंगावर काढलेल्या दिसल्या. आईचे डोळे लाल होते आणि ती एका हाताने कानशील दाबून उभी होती. मी तिला खाली बसवलं आणि सांगितलं. शब्द कसा आहे, त्यातला शव म्हणजे काय, सगळं. वर्गात ज्या शब्दाने तू उठतेस तो तुझ्या कपाळाबद्दल नाहीच. ती ऐकत होती. साडीच्या काठावरून अंगठा फिरवत होती.

"म्हणजे मड्यासारख्या पडूचा," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"ह्यांच्यासारख्या."

रस्त्यावरून कुठल्याशा लग्नाचं सामान घेऊन टेम्पो गेला, त्यातल्या स्टीलच्या भांड्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग आई साड्या उचलून कपाटात ठेवायला लागली. पाठमोरी असतानाच म्हणाली, "त्याका कुंकू कित्याक व्हया? आधी सांगाक व्हया होता."

त्या दिवशी मी कॉलेजला उशिरा जाईन असं कळवलं आणि तिच्याबरोबर खाली उतरले. रथसप्तमी जवळ आली होती. खिडकीतून फरशीवर ऊन येत होतं आणि त्यात धूळ दिसत होती. शैलाताईंनी त्या दिवशी श वर जरा जास्तच जोर दिला. बायका आडव्या झाल्या. आईने चटईच्या कडेला हात टेकून आधी कंबर ठेवली, मग पाठ, मग डोकं, जपून, काहीतरी फुटेल अशी. पण पाय तिने एकमेकांना घट्ट चिकटवून ठेवले होते. अंगठ्याला अंगठा लावून. शैलाताई तिच्या पायथ्याशी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, वहिनी, पाय सोडा. आई डोळे मिटूनच म्हणाली की अंगठे बांधतात ना. बाबांचे तिनेच बांधले होते, कापसाच्या दोऱ्याने.

"ते गेलेल्यांचे," शैलाताई म्हणाल्या. "आपले सुटे ठेवायचे."

त्यांनी आईची दोन्ही पावलं हातात घेतली आणि हळूच बाजूला केली. पावलं थोडा वेळ उभी राहिली, मग एकेक करून बाहेरच्या बाजूला कलली. तळवे तिने आपणहून उताणे केले. शैलाताई नेहमीच्या सूचना देत होत्या, कपाळ सैल, जबडा सैल, खांदे जमिनीला देऊन टाका. झोपायचं नाही, पडायचं आहे, असंही त्या नेहमी बजावत. डोळा लागलेला दिसला की टाळी वाजवत.

दहा मिनिटं झाली. बायका कुशीवर वळून उठून बसल्या. आई उठली नाही. तिचं तोंड किंचित उघडं पडलं होतं. सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. मी बघितलं, तिचं पोट हलत आहे की नाही ते मला दिसेना. शैलाताईंनी दोन बोटं तिच्या मनगटावर ठेवली, दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे बघत राहिल्या. तेवढ्यात आई घोरली. चांगलं मोठ्याने.

"गाडी सुटली," कांबळीकाकू खुर्चीतून पुटपुटल्या. कुणी हसलं नाही, पण सगळ्यांचे खांदे खाली आले.

शैलाताईंनी टाळी वाजवली नाही. तोंडावर बोट ठेवून त्यांनी बायकांना जायची खूण केली. कुणाचा गॅसवर कुकर होता, कुणाची मुलं शाळेत जायची होती. कुणीच गेलं नाही. एकीने उठून पंखा बंद केला. कांबळीकाकूंनी आपल्या खांद्यावरची शाल काढून पुढे केली. ती हातोहात माझ्यापर्यंत आली. मी पायांकडून ती पसरत वर आणली. माझा हात छातीशी आला आणि तसाच पुढे जात होता.

"गळ्यापर्यंतच गो," शैलाताई म्हणाल्या.

मी शाल हनुवटीखाली खोचली. चेहऱ्यावर ऊन येत होतं, तरी ती जागी झाली नाही. नऊ वाजून गेले तेव्हाही ती झोपलेली होती आणि तिच्याभोवती आम्ही पंधराजणी भिंतीला टेकून गप्प बसलो होतो.